गीझर, बंब आणि पांढरा थर

बऱ्हाणपूरकरांनी पाणी तापवण्यावर लिहावं म्हणजे जरा गंमतच. वर्षातले आठ महिने आपल्याकडे टाकीतलं पाणी आपोआप तापलेलं असतं. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापीवरून वारा सुटला की सगळ्या घराचं लक्ष एका पांढऱ्या डब्याकडे लागतं. आमच्या या डब्याने गेल्या हिवाळ्यात जे शिकवलं, ते आज सांगते.

तक्रार आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. ‘पाणी कोमट येतं गं.’ मिस्त्री आला, वरूनच पाहिलं, ‘नवीन घ्या’ म्हणाला आणि गेला. नवीन घेण्याआधी लेकाने हिशेब मांडला. अकरावीत आहे, उष्णतेचा धडा ताजा होता.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात आणि विजेच्या एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात. म्हणून लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०, की युनिट मिळाले. आमचा गीझर १५ लिटरचा, २००० वॉटचा. नळाचं पाणी २२ अंश. ते ५७ पर्यंत न्यायचं तर ०.६१ युनिट, म्हणजे साधारण १८ मिनिटं. (ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, फुटेल. शंभरपर्यंत आकडे असलेला प्रयोगशाळेतला घ्या.) बाकी सगळं बंद ठेवून मीटर पाहिला. दिवा ११ मिनिटांतच विझत होता आणि पाणी ४३ अंशांवर अडत होतं. वीज कुठे वाया जात नव्हती, गीझर लवकर थांबत होता. आणि पाणी कोमट म्हणून प्रत्येक जण पुन्हा बटण दाबत होता, कधी कधी ते दुपारपर्यंत चालूच राहायचं. बिल तिथे वाढत होतं.

लवकर का थांबत होता? याचं उत्तर बऱ्हाणपूरच्या मुलांना ठाऊक असायला हवं. कुंडी भंडाऱ्यात लिफ्टने खाली उतरलात तर भुयाराच्या भिंतींवर पांढरट थर दिसतो. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी शहरात आणायला शंभराहून जास्त कुंड्या आणि भुयारं खोदली गेली. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आलं तेच हे. पाण्यातला चुना तिथे चारशे वर्षं साठतोय. आमच्या बोअरच्या जड पाण्यातला चुना गीझरच्या कॉइलवर सहा वर्षं साठला होता, आणि तापवलं की तो जास्तच साठतो. थराखाली कॉइल भलतीच तापते, शेजारच्या थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापलं, आणि तो वीज तोडतो.

आजीच्या बंबाचंही हेच होतं बरं का. मधल्या नळीत कोळसा, भोवती पाणी. आतून काजळी आणि बाहेरून चुना धरला की दुप्पट लाकूड जळायचं. आजी दर आठवड्याला राख काढून नळी घासायची, आणि तिचा एक दंडक होता: जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. बंब कोरडा पडला की डाख सुटायचा. देखभाल समोर दिसायची, म्हणून व्हायची. भिंतीवर उंच टांगलेल्या डब्याची कुणाला आठवण येते?

दुसरा मिस्त्री बोलावला. त्याने आधी मेन बंद केला, टाकी रिकामी केली आणि कॉइल बाहेर ओढली. बोटभर जाडीचा पांढरा खडकच. तो फोडल्यावर खाली कॉइलच्या नळीला चीर दिसली. त्याने मान वर करून विचारलं, ‘नळाला हात लावल्यावर कुणाला झटका बसत नाही ना?’

आई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘झटका नाही रे बाबा. आंघोळीला बसलं की बोटांना मुंग्या येतात. वय झालं आता.’

आम्ही सगळे गप्प. या मुंग्यांबद्दल त्या महिनाभर सांगत होत्या आणि आम्ही त्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून देत होतो. मिस्त्रीने प्लग उघडला, अर्थिंगची तार सुटलेली. गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच आमच्या जुन्या वायरिंगमध्ये नव्हताच.

कॉइल आणि झिजलेला अॅनोड बदलला, टाकी लिंबूसत्वाच्या पाण्याने धुतली, अर्थिंग तपासून घेतलं आणि तो स्विच बसवला. सगळं मिळून नव्या गीझरच्या किमतीपेक्षा बरंच कमी. आता थर्मोस्टॅट ५५ वर आहे, गरम पाण्याच्या उघड्या पाइपवर फोमची नळी आहे, आणि आंघोळीआधी वीस मिनिटं लावून, बंद करूनच न्हाणीत जायचं असा नियम आहे. नवीन घेणार असाल तर तारे पाहा. साठवणीच्या गीझरवरचे तारे नुसतं पाणी गरम ठेवण्यात किती वीज जाते हे सांगतात. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात त्याचा फरक पडतो, वीस मिनिटंवाल्यांना थोडाच. गॅस गीझर असेल तर मात्र ताऱ्यांआधी खिडकी पाहा. बंद न्हाणीघरात त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं दगावतात.

आईंच्या बोटांच्या मुंग्या दुसऱ्या दिवशीच गेल्या. गोळ्यांची अर्धी बाटली अजून कपाटात आहे. या रविवारी वरच्या मजल्यावरचा गीझर उघडायचाय, त्याला आठ वर्षं झाली.