शक्तीचा हव्यास आणि हलकेपणाचे भान

स्पोर्ट्स कारची थोरवी अश्वशक्तीच्या आकड्यावरून ठरविण्याची रीत आता पुरती रुळली आहे. आम्हांस ती मान्य नाही.

इंग्लंडातील लोटस कंपनीने १९९६ साली 'एलिस' विक्रीस आणली. इंजिन १.८ लिटरचे, शक्ती सुमारे ११८ अश्वशक्ती. आजच्या मापाने किरकोळच. परंतु ॲल्युमिनियमचे भाग चिकटद्रव्याने जोडून केलेला तिचा सांगाडा अवघा ६८ किलोचा होता, आणि सारी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास. इंजिन चालकाच्या पाठीशी, दोन्ही आसांच्या मध्ये. वजन मध्याजवळ एकवटल्याने गाडी चटकन वळे. स्टिअरिंगला पॉवरची जोड नव्हती, त्यामुळे रस्त्याचा पोत थेट तळहातांना कळे.

वजन वाढले की वळणावर टायरांवरील ताण त्याच प्रमाणात वाढतो, पकड मात्र तितकी वाढत नाही. मग रुंद टायर, मोठे ब्रेक, अधिक ताकदीचे इंजिन, आणि या साऱ्यांचे पुन्हा वजन! हे चक्र थांबत नाही.

अपघातात जीव वाचविणारी साधने वजन वाढवितात, आणि ती हवीतच. विजेवरील गाड्यांच्या बॅटऱ्याही जड असणारच. आमचा आक्षेप आहे तो शक्ती ओतून हे वजन झाकण्याला. संगणक जडपणा लपवू शकतो, नाहीसा करू शकत नाही. एलिसचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. काय काय वगळता येईल, हा तिने विचारलेला प्रश्न मात्र प्रत्येक अभियंत्यापुढे आजही उभा आहे.