वैजनाथ पंडितांचे देणे

विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा बाप्टिस्ट धर्मोपदेशक. 1793 मध्ये तो बंगालमध्ये आला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून 1800 पासून त्याने डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बस्तान बसवले.

मराठी मुलखापासून इतक्या दूर बसून त्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश यायला तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता! कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवत असे. ही पुस्तके त्या गरजेतूनही आली.

त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण 1818 मध्ये सुरू झालेल्या श्रीरामपूर कॉलेजचे दरवाजे सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले होते, हेही तितकेच ठसठशीत सांगायला हवे.

खटकते ते वेगळेच. या मराठी कामात कॅरीला पंडित वैजनाथ शर्मांची मोलाची साथ होती, तरी चर्चा एकट्या कॅरीचीच होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात कॅरीशेजारी वैजनाथांचे नाव त्याच ठळक अक्षरांत यावे आणि त्याची सुरुवात शालेय पाठ्यपुस्तकांपासून व्हावी.