वाटी अडकली म्हणून बैल मोडीत काढू नका

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी असो की वैनगंगेपलीकडचे आरमोरी, आपला हा सारा धानाचा मुलूख. ट्रॅक्टर आले हे खरे. पण लहान बांध्यांत चिखलणीला अजून अनेकांना बैलजोडीच लागते. ऐन रोवणीत एक बैल मागचा पाय ताठ करून घासत चालू लागला की घरधन्याच्या पोटात गोळा येतो.

मग 'लचक भरली' म्हणून कोणी तेल चोळतो, कोणी तापल्या सळईने डागतो. मुक्या जनावराला चटका बसतो, पाय मात्र तसाच. कारण दुखणे कातड्यात नाहीच. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी वर सरकून हाडाच्या कंगोऱ्यावर अडकते, म्हणून पाय वाकत नाही. ती सुटली की पाय झटक्याने पुढे येतो. बसून उठल्यावर त्रास जास्त, थोडे चालल्यावर कमी, आणि खुराचे टोक झिजलेले, ही त्याची खूण. शहरातल्या लहान जातीच्या कुत्र्यांची वाटी बहुधा आतल्या बाजूला सरकते. गुरांची वर अडकते.

मात्र लंगडण्यासोबत ताप, मांडीला गरम सूज आणि दाबल्यावर चरचर आवाज असेल, तर तो फऱ्या समजावा. तिथे एक तासही दवडू नये.

वाटीवरचा इलाज सोपा आहे. जागा बधिर करून डॉक्टर लहानशा छेदातून वाटीचा आतल्या बाजूचा बंध कापतात. काही मिनिटांचे काम. बहुतेक बैलांचा पाय तिथेच मोकळा होतो. पुढे जखम स्वच्छ ठेवायची आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस बैल जुंपायचा नाही.

2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. लंगड्या बैलाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? दुसरा घ्यायचा तर कर्ज. तेव्हा आहे तो बरा करणे यातच शहाणपण.

पण भामरागड, एटापल्लीकडच्या पाड्यांवरून असा बैल दवाखान्यापर्यंत चालवत न्यायचा कसा? इथे सरपंच आणि ग्रामपंचायतीने पुढे व्हावे. गावातल्या लंगड्या जनावरांची यादी करून तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी, गावात एक मजबूत खोडा उभारावा आणि पावसाळ्याआधी शिबिर मागून घ्यावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. त्या दिवशी तो मागचा पाय कसा टाकतो, तेही बघा. खोट दिसली तर नाव यादीत घाला. पुढची रोवणी अडणार नाही.