प्रभातफेरी आणि हजेरीपट

आपल्या माध्यमिक शाळांतून ‘सामाजिक उपक्रम’ या नावाने जे काही चालते, त्याचा एकदा स्पष्ट विचार केला पाहिजे. प्रभातफेरी निघते, रोपे लावली जातात, चौक झाडला जातो, घोषणांचे फलक धरून मुले रांगेत उभी राहतात आणि छायाचित्र निघाले की उपक्रम संपतो. यात वाईट असे काही नाही. वाईट हे, की गावाचा जो प्रश्न वर्गातच येऊन बसलेला असतो, किंबहुना वर्गातून उठून गेलेला असतो, त्याच्याकडे या प्रभातफेरीची नजर वळत नाही.

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारखे ठिकाण डोळ्यांसमोर आणावे. मराठवाड्यात माध्यमिक शिक्षणाचा भूगोल पुष्कळ अंशी अशा फाट्यांनी ठरवला आहे. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर फाटा गाठायचा, एसटी धरायची. मुलगा सायकलवर येतो, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून येतो. मुलीचे शिक्षण मात्र एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेले. मुलींना प्रवासाचा पास मोफत आहे, हे शासनाने चांगलेच केले. परंतु गाडीच आली नाही तर पास दाखवायचा कुणाला?

आता एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. महाराष्ट्रातील हे सर्वाधिक प्रमाण; राज्याची सरासरी जवळजवळ 22 टक्के. महाराष्ट्रातील ही पाहणी 2019 सालची, म्हणजे टाळेबंदीपूर्वीची आहे. त्यानंतर शाळा बंद राहिल्या आणि त्या पुरत्या सुरू होतात न होतात तोच, 2021 च्या ऑक्टोबर अखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत, एसटी कामगारांचा संप चालला. कामगारांच्या मागण्यांविषयी आमची सहानुभूती होती व आहे. पण त्या काळात खेड्यातली मुलगी घरी बसली, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे येऊ लागतात, हेही कबूल केले पाहिजे.

हा केवळ अज्ञानाचा प्रश्न आहे, असे समजून जे फलक रंगवतात त्यांनी ऊसतोडीचे अर्थशास्त्र समजून घ्यावे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या तरुणाला पुरती उचल नाही. लग्न झाले की कोयता पुरा होतो. दुसऱ्या बाजूला, सहा महिने कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवावी, हे कळत नाही. त्यांच्यासमोर ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ म्हणत फेरी गेली तर ते रस्त्याच्या कडेला सरून वाट देतील, एवढेच. आणि ती फेरीही बहुधा डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या हंगामात निघते. ज्यांच्यासाठी ती काढायची ती कुटुंबे तेव्हा गावात नसतातच!

शाळा आणि समाज यांचे नाते मराठवाड्याला कुणी शिकवावे, अशी स्थिती कधी नव्हती. 1921 साली निघालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. निजामी राज्यात राजकीय सभेला परवानगी मिळत नसे, तेव्हा वर्गखोली हीच सभा झाली. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढलेली मुले नागपूर विद्यापीठात शिकली आणि त्यांतली कितीतरी मुक्तिसंग्रामात उतरली. तिकडे अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. ते झाडणे आणि आजचे झाडणे यांत फरक एवढाच, की गुरुजींना कुणी गुण देत नव्हते.

आज गुण मिळतात. 2024 च्या प्रारंभी राबविलेल्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात शाळांचे गुणांकन झाले, राज्यपातळीवर पहिल्या शाळेला 51 लाखांचे पारितोषिक ठेवण्यात आले. शाळा रंगल्या, बागा फुलल्या. शिक्षकांनी खपून काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भिंतीला रंग देऊन गुण मिळवता येत असतील तर नववीतून नाहीशा झालेल्या मुलीला परत आणण्याच्या खटपटीत कोण पडेल? ती खटपट छायाचित्रात दिसत नाही, आणि तिच्यामुळे गावातले चार लोक दुखावतात. संस्थेचे चालक त्याच गावचे, वऱ्हाडीही तेच. शिक्षक एकटा पडतो, मग तो गप्प राहतो. त्याला दोष देणे सोपे आहे.

कायद्याचीही एक गंमत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली, तीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरले. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. ज्या वयात मुलीचा शाळेशी संबंध तुटण्याचा धोका सर्वांत मोठा, नेमक्या त्या नववीच्या उंबरठ्यावर पालकांचा हा कायदेशीर सहभाग संपतो. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून खेड्यात ग्रामसेवकाची नेमणूक आहे. तो पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभा असतो. त्याला हजेरीपट दाखवण्याचा उपक्रम किती शाळांनी केला?

मुलांना खबरे करावे, असे आमचे म्हणणे नाही. वर्गातली मुलगी चार दिवस आली नाही तर तिच्या दोन मैत्रिणींनी आणि एका शिक्षिकेने तिच्या घरी जाऊन यावे, याला खबरेगिरी म्हणत नाहीत. जुन्या भाषेत याला शेजारधर्म म्हणत. मुलांनीच आपल्या गावांची पाहणी करावी: कोणत्या गावाहून किती मुली येतात, शेवटची गाडी किती वाजता, ती महिन्यात किती दिवस चुकते, दिवाळीनंतर कोणती घरे कुलूपबंद होतात. हा कागद घेऊन मुलांनी आगारप्रमुखाकडे जावे, ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास कोणता असेल?

आपल्या कार्यकर्त्यांनी स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून बसण्याची हौस थोडी आवरावी. त्याऐवजी जूनच्या मध्यास शाळा उघडेल तेव्हा आठवीचा मागील वर्षाचा आणि नववीचा नवा, असे दोन हजेरीपट शेजारी ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांना करावी. ज्या नावांचा मेळ लागणार नाही, त्या नावांच्या गावी त्याच आठवड्यात जावे. ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा निघण्यास तेव्हा चार महिने अवकाश असतो आणि आईबाप घरी भेटतात. मुलींसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी करायची तर तीही तेव्हाच, त्यांना बरोबर घेऊन.