गुडघेदुखी आणि घरच्यांचें कर्तव्य

पन्नाशी उलटली कीं गुडघे धरावयाचेच, अशी आपल्या शेतकरी वर्गांत जुनी समजूत आहे. आणि एकदां धरले कीं खाटेवर स्वस्थ बसावें, हा तिचा दुसरा भाग. या दुसऱ्या भागानेंच अधिक हानि केली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंकड्यांप्रमाणें २०१९ सालीं सांध्यांच्या झिजेचे रोगी जगांत सुमारें ५२ कोटी ८० लक्ष होते. त्यांत गुडघ्याचेच सर्वांत अधिक. यावर पहिला उपाय बेताचा नियमित व्यायाम व वाढलेलें वजन उतरविणें हा होय. मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार तोलतात. बसून राहिल्यास ते दुबळे होतात. वजन एक किलो उतरल्यास दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो, असें अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें.

जन्मभर चिखलणी-लावणी केली, आतां व्यायाम कशास, असें कोणी विचारील. ओणवें राहून व उकिडवें बसून गुडघा शिणतो. उलट खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरल्यानें मांडी बळावते. दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

परंतु सांगितल्यानें काम भागत नाहीं. माणूस चार दिवस करतो व सोडतो. त्यास आळशी म्हणणें सोपें आहे. खरें कारण पुष्कळदां भीति असते. दुखतें म्हणजे झिजतें, असें त्यास वाटतें. थोडें दुखणें धोक्याचें नव्हे. तें वाढून दुसऱ्या दिवशींही टिकल्यास व्यायाम कमी करावा, सोडूं नये. ही भीति सोबतीनें जाते. डेन्मार्कांत २०१३ पासून रोग्यांस प्रथम रोगाची माहिती देऊन सहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, एकत्र व्यायाम करवितात.

कळव्यास ठाणें महानगरपालिकेचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तेथें अस्थिरोगाच्या डॉक्टरांस गुडघा दाखवून योग्य व्यायाम विचारून घ्यावा. पुढील काम घराचें. सासूबाईंस वा वडिलांस ‘तुम्ही बसून राहा’ म्हणण्यांत माया आहे, हित नाहीं. त्यांच्याबरोबर बांधापर्यंत चालावें, भाजी निवडण्यास उंच आसन द्यावें, वजन वाढलें असल्यास ताटांतील भात बेतानें वाढावा. गांवोगांवच्या सभासदांनींही चार-पांच जणांची मंडळी जमवून आठवड्यांतून दोनदां एकत्र व्यायाम सुरू करावा.

बैलाचा खांदा सुजला तर शेतकरी दुसऱ्याच दिवशीं जूं तपासतो. घरांतील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांकडे तितकें तरी लक्ष द्यावें, एवढीच आमची विनंती आहे.