आणीबाणीच्या क्रमांकाचे मानकरी

16 फेब्रुवारी 1968 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या हेलीव्हिल गावी 911 या क्रमांकावर पहिला दूरध्वनी झाला, तेव्हा नगरभवनातून बोलणारे गृहस्थ त्या राज्याच्या विधानसभेचे सभापती होते आणि पोलीस ठाण्यात तो घेणारे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. कोठे आग लागली नव्हती, कोणाचा जीव धोक्यात नव्हता, आणि तरीही या सेवेच्या आद्य पुरुषांचा विषय निघाला की याच दोघांची नावे आधी घेतली जातात. घाईघाईने तारा जोडून देणारे टेलिफोन कंपनीचे तंत्रज्ञ मागच्या पंगतीला. उद्‌घाटकाला मानाचे पान वाढण्याची रीत आपल्यालाही काही नवी नाही.

याच्या तीन दशके आधीची लंडनची हकीकत निराळी आहे. 10 नोव्हेंबर 1935 रोजी विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया प्राणास मुकल्या. बंब बोलावण्यासाठी एका शेजाऱ्याने फोन उचलला, तो एक्सचेंजच्या रांगेत ताटकळत राहिला, आणि संतापून त्याने ‘टाइम्स’कडे आपली फिर्याद लिहून धाडली. सरकारने समिती नेमली, आणि 30 जून 1937 पासून लंडनसाठी 999 हा क्रमांक मुक्रर झाला. या निवडीत खर्ची पडलेली बुद्धी पाहण्याजोगी आहे: 111 घ्यावा, तर तारा एकमेकींना लागूनही तो आपोआप फिरण्याचा संभव, 0 आधीच ऑपरेटरकडे गेलेला, 9 मात्र चकतीवर त्याच्या लगत असल्याने धुराने कोंदलेल्या खोलीतही बोटांनी चाचपून सापडे, आणि सार्वजनिक फोनच्या पेटीत किंचित फेरफार केला की नाणे न टाकता लागे. असा फोन येताच एक्सचेंजमध्ये तांबडा दिवा पेटे आणि भोंगा वाजे. तो इतका कर्कश, की ऑपरेटर मुलींनी त्यात टेनिसचा चेंडू कोंबला, असे सांगतात.

तो तक्रारखोर शेजारी आणि त्या मुली यांना मी सभापतींच्या वरचे आसन देईन. सरकारी खात्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिणारा इसम आपल्याकडे उपद्रवी गणला जातो, हे ठाऊक असूनही. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 साली सुरू झाली. तिचा वर्धापनदिन साजरा होईल तेव्हा व्यासपीठावर कोण विराजमान होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. निदान तेथील एक खुर्ची, रात्रपाळीला बसून भेदरलेल्या माणसाच्या तोंडून गाव, फाटा आणि जवळची खूण काढून घेणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी राखून ठेवावी. आणि दुसरी, गाडी उशिरा आल्याचा लेखी अर्ज ज्याने दप्तरी दाखल केला असेल, त्याच्यासाठी.