गुळवेल खरी, की केवळ नावाची?

करोनाच्या साथीत, २०२० साली, गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला. वैद्यास विचारणे नाही, मात्रेचे भान नाही, किती दिवस घ्यावयाचा याचा विचारही नाही. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ६ रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध या वेलीशी जोडला. २०२२ मध्ये १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे आपली गुडूची, निर्धोक असल्याचे सांगून टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीकडे बोट दाखविले.

आपल्यापैकी अनेकांनी तो खुलासा ढालीसारखा पुढे केला. मला ते उत्तर अपुरे वाटते. वेल दुसरी होती असे मानले, तरी ती रुग्णापर्यंत कोणाच्या दुकानातून पोहोचली? आणि वेल खरीच असेल, तर प्रकृती, काल व मात्रा न पाहता महिनोन्‌महिने घेऊ दिलेल्या रसायनाचे दायित्व कोणाचे? त्या रुग्णांपैकी काहींना स्वप्रतिकारजन्य व्याधी आधीपासून होत्या, ही बाब तरी आपण रुग्णास पहिल्याच भेटीत विचारावयास हवी.

ओळख अवघड नाही. खऱ्या गुडूचीची बाह्य साल कागदासारखी पातळ सुटते व खाली हिरवा भाग दिसतो. क्रिस्पाच्या कांडावर मोठमोठ्या गाठी असतात. गुडूचीवरील बारीक ठिपके म्हणजे त्या गाठी नव्हेत, येथे नवखे फसतात. पद्मगुडूचीचे पान खालून लवदार असते. आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. चक्रलक्षणा हे नाव त्यावरूनच पडले. मात्र तेवढ्यावर निर्णय करू नये, कारण तिच्या जातभाईंतही असा छेद दिसतो. चूर्ण झाले की ही सारी लक्षणे लोपतात. म्हणून औषधनिर्मात्यांनी माल कांडांच्या तुकड्यांत घ्यावा, दळलेला घेऊ नये.

सत्त्वाची गोष्ट तर याहून खेदाची. आयोडीनने निळे झाले म्हणून ते खरे ठरत नाही. बटाट्याचे पिष्टही निळे होते. शार्ङ्गधराने गुडूचीची गणना नेहमी आर्द्र वापरावयाच्या द्रव्यांत केली आहे, पण स्वरस काढण्याचे कष्ट आता कोणास नकोत.

दवाखान्यामागे कडुनिंब असेल, तर पावसाळ्याच्या तोंडी बोटाएवढ्या जाडीचे एक कांड त्याच्या बुंध्याशी लावावे. छिन्नरुहाच ती, तुकड्यापासून सहज रुजते.